उलट्या गाडीवरची गोळी

सरकारी कागदात जखमेची जागा 'कमरेखाली, मागील बाजूस' अशी लिहिली होती. लाजणाऱ्यांनी तसं वाचावं. गोळी ढुंगणात घुसली होती, डाव्या बाजूला, दोन बोटं खोल. आणि ज्याच्या घुसली तो पाववाला हॉस्पिटलच्या वॉर्डात पालथा पडून, उशीवर हनुवटी टेकवून, समोरून जाणाऱ्या येणाऱ्यांचे गुडघे बघत होता. पालथ्या माणसाला त्याच्या वरचं जग दिसत नाही.

गोळी शत्रूची नव्हती. आपल्याच नाक्यावरच्या आपल्याच शिपायाने ती झाडली होती, सकाळी सहा वाजता, पाव घेऊन आलेल्या गाडीवर. कालपासून अख्खा वॉर्ड या एका गोष्टीवर भांडत होता आणि त्यामुळे वॉर्डात सगळ्यांची तब्येत सुधारत होती. शेजारच्या खाटेवरच्या नळवाल्याने तर दुपारची झोपेची गोळी परत केली. छपरावरच्या टाकीवरून पडून त्याचा पाय मोडला होता, पण जीभ शाबूत होती.

"चूक नाक्याची," नळवाला म्हणाला. "अरे, गाडीवर हत्तीएवढा पाव रंगवलाय. आंधळ्याला दिसेल."

"बाजूला रंगवलाय," समोरच्या खाटेवरून मास्तर म्हणाले. त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि आता हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. "गाडी उलटी येत होती. समोरून दिसणार ते मागचं दार. मागच्या दारावर काय रंगवलंय?"

दोघांनी पाववाल्याकडे बघितलं.

"काही नाही," पाववाला उशीत म्हणाला. "सासूबाई म्हणाल्या, रंग संपला."

"झालं! म्हणजे चूक सासूची," नळवाला खूश झाला. "मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"तू पहिल्यापासून नाक्याला शिव्या देत होतास."

"मास्तर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"मी नकाशाच्या बाजूचा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी जेवणाच्या ताटलीत चमचा, औषधाची बाटली आणि दोन बिस्किटं मांडून नाका पुन्हा एकदा समजावून सांगितला.

नाका असा होता. मोठ्या रस्त्यावरून आत साठ पावलांची एक गल्ली. दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीएवढे सिमेंटचे ठोकळे, मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी वाट, आणि टोकाला वाळूच्या पोत्यांमागे बंदुका. गल्लीत गाडी वळत नाही. शिपायांना पोत्यांच्या पुढे पाऊल टाकायची मनाई. मग पाव उतरवायचे कसे? तर गाडी रस्त्यावरच वळवून उलटी आत घ्यायची, मागचं दार पोत्यांना लावायचं, ट्रे आत सरकवायचे आणि तोंड बाहेरच असल्यामुळे सुसाट निघून जायचं. दूधवाला असाच जायचा. पाण्याचा टँकर असाच. धुलाईची गाडीही अशीच. पाववाला आठ महिने असाच जात होता. लढाई सुरू झाली तेव्हा लष्कराला सासूबाईंच्या बेकरीची गाडी हवी होती. ती उचलताना त्यांनी चालवणाऱ्यालाही उचललं, खांद्यावर एक पट्टी शिवून दिली आणि शिपाई म्हणून नाव घातलं. बंदूक दिली नाही. ट्रे दिले.

परवा संध्याकाळी नाक्यावरची जुनी तुकडी गेली आणि नवी आली. जुनी जाताना भांडी, घोंगड्या, पोती सगळं मोजून देऊन गेली. पावाची गाडी उलटी येते, एवढं एक सांगायचं राहिलं. घोंगडी कमी भरली तर जाब विचारणारे दहा जण असतात. असल्या गोष्टीसाठी कुणी विचारत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही.

गोळी मागच्या दारातून शिरली, पावांच्या दोन ट्रेंमधून गेली, लाकडी फळी फोडून सीटच्या काथ्यात घुसली आणि दमून भागून पाववाल्यापाशी पोचली. पावांनी जीव वाचवला, असं डॉक्टर म्हणाले. ही बातमी कळल्यावर सासूबाईंनी विचारलं, किती पाव वाया गेले?

आज सकाळी साहेब येऊन गेले होते. पाववाल्याला आधी त्यांचे बूट दिसले, आरशासारखे. मग आवाज आला. "अभिनंदन!"

पाववाल्याला वाटलं, शेजारच्या खाटेवर कुणाला मुलगा झाला असेल. पण साहेब त्याच्याशीच बोलत होते. त्यांनी टाइप केलेला कागद उशीपाशी ठेवला. त्यात असं होतं की, नाक्यावर पाव पोचवत असताना शत्रूच्या गोळीबारात जखमी होऊनही सदर शिपायाने धीर न सोडता पाव पोचवले, सबब त्याला पदक देण्यात यावे.

पाव पोचले होते, हे खरंच होतं. गोळी लागल्यावर पाववाल्याचा पाय ब्रेकवरून सुटला, गाडी आपली आपण मागे गेली आणि पोत्यांना धडकली. धीराचं म्हणाल तर तो आईच्या नावाने बोंबलत होता.

"खाली सही करायची. चार वाजता येतो," साहेब म्हणाले. "सगळ्यांच्याच सोयीचं आहे." आणि बूट गेले.

तेव्हापासून भांडणाचं तोंड फिरलं होतं. चूक कुणाची, हा प्रश्न मागे पडला. सही करावी की नाही, एवढंच उरलं. आणि गंमत म्हणजे, कालपासून एकमेकांचे गळे धरणारे दोघेही एका बाजूला झाले.

"कर सही," नळवाला म्हणाला. "पदक म्हणजे पदक. मी बावीस वर्षं लोकांचे संडास मोकळे केले, कुणी साधी टाळी वाजवली?"

"ज्याने गोळी झाडली तोही सुटेल," मास्तर म्हणाले. "शत्रूने झाडली म्हटल्यावर त्याच्यावर खटला कसला? तूही मोठा, तोही मोकळा. शत्रूचं काय, तो कुठे नाही म्हणायला येतोय?"

पाववाल्याला मनातून सही करायची होती. खोटं कशाला बोला? शाळेत त्याला कधी बक्षीस मिळालं नव्हतं. लग्नात सासूबाईंनी त्याच्याकडे बघून 'बरं आहे' म्हटलं होतं, आणि ते सोडलं तर आजवर त्याचं कौतुक झालंच नव्हतं. पदक बेकरीच्या गल्ल्यामागे, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर टांगायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. खिळा कुठे ठोकायचा, तेसुद्धा.

तीन वाजता बायको आली. हाताला कोपरापर्यंत पीठ, कारण ती भट्टीवरून सरळ आली होती. तिने आधी पांघरूण उचलून पट्टी बघितली, मग नवऱ्याचा चेहरा.

"अहो, जेवलात का?"

"पालथं पडून काय जेवणार?"

"गाय कशी जेवते?" बायको म्हणाली आणि स्टुलावर बसली. "गाडीच्या दारातल्या भोकावर पत्र्याचं झाकण ठोकलंय मी. उद्यापासून गाडी मी नेणार."

"तू?"

"मग कोण, आई? मी नाही गेले तर ते त्यांचा कुणी ड्रायव्हर बसवतील, तो चार दिवसांत क्लच जाळेल. बेकरीच्या मागच्या अंगणात तुम्हीच शिकवलंत ना मला? आता तोंड का पाडता?"

तो उत्तर देणार, तेवढ्यात दारातून एक माणूस आत आला. चाळिशीचा, जाड भिंगांचा चष्मा, अंगात लष्करी गणवेश. पण गणवेश असा नेमका बसलेला की लष्करात तसा कुणाच्याच अंगाला बसत नाही. त्याच्या काखेत कागदाचं पुडकं होतं. तो पाववाल्याच्या खाटेपाशी आला आणि नुसता उभा राहिला.

"कोण पाहिजे?" बायकोने विचारलं.

"मी... तो मी," तो म्हणाला. "काल सकाळचा."

नळवाल्याने प्लास्टरचा पाय हाताने उचलून इकडे वळवला, नीट दिसावं म्हणून.

भरती व्हायच्या आधी तो शिंपी होता. पहिल्याच आठवड्यात त्याला नाक्यावर उभं केलं होतं. काल त्याने आयुष्यातली पहिली गोळी झाडली होती आणि ती लागली होती. रात्रभर त्याला कोठडीत ठेवलं आणि आता साहेबांनीच पाठवलं होतं, पाववाल्याची समजूत घालायला. एवढं त्याने एका दमात सांगून टाकलं आणि पुडकं पुढे केलं.

पाववाल्याने कालपासून मनातल्या मनात या माणसाला पुष्कळ बदडलं होतं. आता त्याने पुडकं सोडलं. आत त्याची विजार होती. धुतलेली, इस्त्री केलेली. त्याने ती उलटून पालटून बघितली. भोक कुठे होतं ते सापडेना.

"ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"साहेबांच्या टेबलावर होती. पुरावा म्हणून." शिंप्याने मान खाली घातली. "कडा विसकटलेल्या होत्या. मला बघवेना."

"पुरावा रफू केला!" नळवाला इतका हसला की सिस्टर दारातून डोकावून गेली. "मास्तर, लढाई आपण हरणार बघा. पण कपडे एक नंबर असतील."

हसायचं नाही असं ठरवलेल्या पाववाल्यालाही हसू फुटलं आणि हसल्यावर टाके ओढले गेले म्हणून त्याने शिवी घातली. ती शिंप्यालाच घातली, पण त्यातला दंश गेला होता.

"ओरडायचं तरी होतं, अहो."

"तीनदा ओरडलो. नियमाने. तुमची गाडीच केवढी रडत होती!"

"रिव्हर्सला रडतेच ती. आणि आरसा पिठाने पांढरा झालेला. मला वाटलं, तुम्ही आहात तुमच्या जागेवर, मी आहे माझ्या."

"मला पुढचं दार, मागचं दार काही कळेना. कोण माणूस नाक्यावर उलटा येतो?"

"मी येतो! आठ महिने!"

"मला कुणी सांगितलं?"

"आणि मला कुणी सांगितलं, की तुम्हाला कुणी सांगितलं नाही म्हणून?"

भांडायला दोघांकडे सारखंच कारण होतं, आणि अशा वेळी भांडण पुढे जात नाही.

"सही करा, दादा," शिंपी हळूच म्हणाला. "मी घरी दोन मशिनं झाकून आलोय. तुमची सही झाली की माझ्यावरचं जातं."

पाववाल्याने पेन उचललं. पालथ्या माणसाला सही करणं अवघड असतं, म्हणून बायको कागदाखाली ताटली धरायला पुढे झाली. तिच्या मनगटावरचं पीठ कागदावर सांडलं. ते फुंकून टाकताना त्याच्या मनात एक प्रश्न आला, आणि तो त्याने सहज विचारला.

"उद्या नाक्यावर तुम्हीच का?"

"छे! मी कोठडीत नाहीतर घरी. उद्या दुसरे."

"त्यांना ठाऊक आहे, गाडी उलटी येते ते?"

शिंप्याने चष्मा काढला. "त्यांना भिंतीवरचा हुकूम ठाऊक आहे. उलटी येणारी गाडी दिसली की तीनदा हाक, मग गोळी. छापील आहे. सगळ्या नाक्यांवर."

"अजून आहे तो?"

"असणारच. अपघात झाल्याचा अहवाल वर गेला, तर हुकूम बदलतो. गोळी शत्रूने झाडली म्हटल्यावर कसला अपघात? काही घडलंच नाही."

पाववाल्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. हातावरचं पीठ चोळत होती.

"मी सरळ नेईन," ती म्हणाली.

"सरळ नेलीस तर पाव काढणार कुठून? दार मागे. ते पोत्यांपुढे येणार नाहीत. आणि निघताना साठ पावलं उलटंच यावं लागेल. नाक्याकडे तोंड करून उलटी पळणारी गाडी, तिच्यावर तर आधी झाडतील." त्याने पेनाचं टोपण लावलं. "आणि दूधवाला? टँकर? त्या धुलाईवाल्याला तर डाव्या कानाने ऐकूही येत नाही."

"म्हणजे सही नाही?" नळवाल्याने विचारलं. त्याच्या आवाजात पदक गेल्याचं खरंखुरं दुःख होतं.

"नाही."

शिंप्याचा चेहरा उतरला. ते बघून पाववाला म्हणाला, "तुम्हाला अडकवणार नाही मी, बसा. तुम्ही हुकूम पाळलात, मीही पाळला. उलटं यायचं काय माझ्या डोक्यातून आलं होतं? तसा कागद आहे गाडीत."

"हा?" बायकोने कमरेच्या पिशवीतून चौघडी केलेला कागद काढला. गाडी साफ करताना काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपेमागून तिने तो काढून ठेवला होता. तेल आणि पीठ पिऊन तो पोळीसारखा मऊ झाला होता. *पुरवठ्याच्या सर्व गाड्या नाक्यावर उलट्याच आणाव्यात. आज्ञेवरून.* खाली सही.

शिंप्याने कागद हातात घेतला, चष्मा चढवला, नाकाजवळ नेला. मग तो मास्तरांना दाखवला, मग नळवाल्याला, आणि मग परत स्वतः बघितला.

"काय झालं?" पाववाला कावला. "मला कुणी सांगेल का? मी पालथा आहे!"

"ही सही," शिंपी म्हणाला. "शेवटी अशी शेपटी, खाली ओढलेली. भिंतीवरच्या हुकमावर हीच आहे. परवाची अख्खी रात्र तिच्यासमोर उभा होतो मी. माणसाने टाका असा सोडला असता तर मी उसवायला लावला असता."

"कुणाची आहे?"

मास्तरांनी पदकाचा कागद उचलला. त्याच्याखालीही टाइप केलेल्या हुद्द्यावर तीच शेपटी होती.

बरोबर चार वाजता बूट आले.

साहेबांनी आधी सहीची जागा कोरी बघितली, मग सगळ्यांची तोंडं. त्यांना सांगण्यात आलं. बोलले मास्तर, कारण त्यांना एका वेळी एकच गोष्ट सांगायची सवय होती. उलटं या, हा पहिला हुकूम. उलटं येणाऱ्याला गोळी घाला, हा दुसरा. सही एक.

"दोन वेगळ्या फायली आहेत त्या," साहेब म्हणाले. "एक पुरवठ्याची, एक सुरक्षेची."

"गोळीला कुठे फाइल असते?" नळवाला म्हणाला.

साहेब चिडले. त्यांनी लोकांच्या मनोधैर्याबद्दल सांगितलं, लढाईच्या काळाबद्दल सांगितलं, आपलीच माणसं आपल्याच माणसांवर गोळ्या झाडतात हे बाहेर गेलं तर शत्रूला केवढा आनंद होईल तेही सांगितलं. मोठ्या माणसांना शत्रूच्या आनंदाची फार काळजी असते. पाववाल्याला त्यांचं म्हणणं ऐकता ऐकता पहिल्यांदा खरा राग आला, गोळी लागली तेव्हाही आला नव्हता तेवढा. त्याने हातांवर जोर देऊन छाती उचलली.

"साहेब, पदक ठेवा तुमच्याकडे. मला लागलं ते आपल्याच गोळीने. हा शिंपी ओरडला होता. मी उलटा येत होतो, कारण तुम्ही या म्हणालात. एवढंच लिहा. त्याखाली मी दोनदा सही करतो."

"आणि नाही लिहिलं तर?"

उत्तर बायकोने दिलं, आणि अगदी गोडीत. "तर काही नाही, साहेब. उद्या सकाळी सहाला मी पाव घेऊन नाक्यावर जातेय. उलटी, तुमच्या हुकमाप्रमाणे. तुम्ही चला ना माझ्याबरोबर. पुढे जागा नाही हो, सीट फाटलीय. मागे बसा, पावांच्या शेजारी. दाराला पाठ लावून. ऊबदार असतं."

नळवाल्याने तोंडात चादर कोंबली.

साहेबांच्या डोळ्यांसमोर ते मागचं दार असावं, पत्र्याचं झाकण ठोकलेलं. मग त्यांनी सिस्टरकडे पेन मागितलं. पाववाल्याचं पेन त्यांनी घेतलं नाही, तेवढी ऐट राखली.

नवा हुकूम तिथेच लिहिला गेला, मास्तरांच्या ताटलीवर. आणि वॉर्डाने तो साहेबांना सुखाने लिहू दिला नाही.

"शत्रूने पावाची गाडी पाठवली तर?" साहेबांनी विचारलं. हा प्रश्न रास्त होता, हे कबूल करायला हवं.

"मी मागच्या दारावर पाव रंगवते," बायको म्हणाली.

"शत्रूकडे रंग नाही वाटतं?" मास्तर म्हणाले.

शेवटी तोडगा शिंप्याने काढला. "एक माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा करा. रस्त्यावर. गाडी वळायच्या आधी तो चालवणाऱ्याचं तोंड बघेल, कागद बघेल, आणि मग आत हात करेल. कापण्याआधी माप घ्यायचं, एवढंच."

ते लिहिलं. पाव, दूध, पाणी आणि धुलाई, अशी नावं लिहिली. साहेब सही करणार, तेवढ्यात पाववाला म्हणाला, "अजून एक ओळ. नवी तुकडी आली की हे तिला आधी सांगावं, आणि सांगितल्याची सही घ्यावी. घोंगड्यांची घेता तशी."

"त्या ओळीसाठीच गोळी खाल्लीय त्याने," मास्तर म्हणाले.

साहेबांनी ओळ लिहिली. खाली शेपटी ओढली.

ज्यांना न्यायाची आवड आहे त्यांच्यासाठी पुढचंही सांगून टाकतो. चौकशीच्या कागदात गोळी शेवटपर्यंत शत्रूचीही नव्हती आणि आपलीही नव्हती. 'गाडीस अपघात' एवढंच आलं. शिंप्याला सात दिवस कोठडी झाली आणि मग गोदामात पोती शिवायला धाडलं. तिथे तो खूश आहे, पोत्यांना त्याने खिसे लावलेत म्हणतात. साहेबांना बढती मिळाली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो कागद सगळ्या नाक्यांच्या भिंतींवर लागला, आणि पाववाल्याला न्यायाशी नव्हे, त्या भिंतींशी कर्तव्य होतं.

तरी त्या सकाळी त्याचा चहा उशीपाशी तसाच निवला. सहा वाजले. साडेसहा. नळवाला दोनदा म्हणाला, "गोळीचा आवाज आला असता तर आपल्याला ऐकू आला असता," आणि दोनदा मास्तरांनी त्याला गप्प केलं. नाका चार कोसांवर होता. आठ वाजले. सिस्टरने ड्रेसिंग बदललं तेव्हा पाववाला ओरडायचंही विसरला.

पावणेनऊला दारात पीठ माखलेले पाय दिसले. तो बायकोच्या पावलांकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? तोंडाशी एक जण होता. तोंड बघितलं, कागद बघितला, आत हात केला. गेले." तिने स्टूल ओढलं. "साठ पावलं, एका दमात. आणि ऐका, गल्लीतल्या ठोकळ्यांवर दोन्हीकडे आपल्या गाडीचा रंग लागलाय. खरवडून निघालाय नुसता. आठ महिने तुम्ही काय चालवत होतात हो?"

"वाट अरुंद आहे ती!"

"असेल. माझा नाही लागला."

नळवाल्याच्या खाटेवरून हसण्याचा फवारा आला, मग मास्तरांच्या. पाववाल्याने हसू दाबायचा प्रयत्न केला. डावा टाका तटतटला, तशी त्याने उशी दातात धरली. पण बायको स्वतःच हसायला लागली, तेव्हा त्याचा नाइलाज झाला.

"हसा हो," ती डोळे पुसत म्हणाली. "उसवलं तर सिस्टर आहे की."